नेपल्सच्या दोन फेऱ्या

राजेरजवाड्यांच्या आलिशान आगबोटींचा शेवट बहुधा भंगारात होतो. इजिप्तच्या ‘अल महरूसा’चं मात्र तसं झालं नाही. लंडनमध्ये टेम्सकाठच्या सामुदा ब्रदर्सच्या गोदीत बांधलेली ही बोट १८६५ साली तयार झाली आणि आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ती इजिप्तच्या नौदलाकडे आहे. ‘महरूसा’ म्हणजे जिचं रक्षण झालेलं आहे अशी. कैरोला लोक लाडानं हेच नाव देतात. बोटीचं रक्षण झालं खरं. तिच्या मालकांचं काय झालं, ते आज सांगायचं आहे.

बोट बांधून घेतली ती इस्माईल पाशानं. तो १८६३ मध्ये गादीवर आला. कागदोपत्री इजिप्त तुर्की सुलतानाच्या ताब्यात, पण कारभार इस्माईलचाच. आणि त्याचं नशीब असं, की त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. आपल्या मुंबईत तेव्हा काय झालं हे आपल्याला ठाऊकच आहे. कापसाच्या पैशानं शहर धुंद झालं, बॅकबेच्या शेअरांवर लोकांनी घरंदारं लावली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. नाईलकाठीही तीच लाट आली आणि तशीच ओसरली. मुंबईचे शेटजी त्यानंतर दिवाळखोरीत गेले. इस्माईलनं मात्र खर्च थांबवला नाही. तो युरोपच्या सावकारांकडे गेला.

१७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला. या समारंभात महरूसा होती. कालव्यातून पहिली तीच गेली असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. पण मिरवणुकीत पुढे राहण्याचा मान फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिच्या ‘एग्ल’ या बोटीला होता. (इंग्रजांच्या ‘न्यूपोर्ट’ जहाजाच्या कप्तानानं आदल्या रात्री अंधारात, दिवे मालवून, आपलं जहाज सर्वांच्या पुढे नेऊन उभं केलं होतं, हा भाग वेगळा!) हा कालवा खणायला सुरुवातीची काही वर्षं फेल्लाह, म्हणजे तिथला गरीब शेतकरी, वेठीला धरून आणला होता. पुढे कर्जाचे हप्ते फेडायला कर वसूल झाले तेही त्याच्याकडूनच. या बोटीच्या गालिचांचं आणि झुंबरांचं वर्णन वाचताना मला म्हणूनच तिच्या सौंदर्यापेक्षा तिचं बिल आठवतं.

ते बिल लवकरच समोर आलं. १८७५ मध्ये इस्माईलनं कालव्यातले आपले १,७६,६०२ शेअर जवळपास चाळीस लाख पौंडांना इंग्लंडला विकले. पुढच्याच वर्षी राज्याचं दिवाळं निघालं आणि तिजोरीवर इंग्रज नि फ्रेंच देखरेख करणारे येऊन बसले. त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न इस्माईलनं केला तेव्हा युरोपनं सुलतानावर दडपण आणलं. जून १८७९ मध्ये इस्तंबूलहून तार आली. तिच्यावर पत्ता होता, ‘इजिप्तचे माजी खेदिव’ असा. गादी गेल्याची बातमी पत्त्यातूनच कळली! त्याच महिन्याच्या अखेरीस अलेक्झांड्रिया बंदरातून महरूसा इस्माईलला घेऊन नेपल्सला निघाली. तिथे इटलीच्या राजानं त्याला राहायला वाडा दिला. तीन वर्षांत, १८८२ मध्ये, इंग्रज फौजा इजिप्तमध्ये उतरल्या.

बोट परत आली आणि नव्या धन्याच्या सेवेला लागली. १९०५ मध्ये ग्लासगोला नेऊन तिची कुशीकडची मोठाली चाकं काढली आणि वाफेची टर्बाइनं बसवली.

इस्माईलचा नातू म्हणजे राजा फारुख. १९४६ मध्ये इटलीच्या राजाला, व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याला, सिंहासन सोडावं लागलं. फारुखनं त्याला अलेक्झांड्रियात आश्रय दिला. नेपल्सच्या वाड्याची ही परतफेडच म्हणायची. पुढं सहाच वर्षांत स्वतः फारुखची पाळी आली. जुलै १९५२ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. राजावर खटला भरावा, त्याला संपवावं, असं म्हणणारेही त्यांच्यात होते. नासरचं मत पडलं, जाऊ द्या. २६ जुलैला संध्याकाळी सहा वाजता, नौसेनापतीच्या पांढऱ्या गणवेशात, फारुख रास अल-तीन राजवाड्याच्या धक्क्यावरून निघाला. एकवीस तोफांची सलामी झाली. जनरल नजीब निरोप द्यायला उशिरा पोहोचले, त्यांना लाँचनं बोटीपर्यंत जावं लागलं. बोट तीच महरूसा आणि मुक्कामही तोच, नेपल्स. आजोबा-नातवाच्या या दोन फेऱ्यांत त्र्याहत्तर वर्षांचं अंतर.

यावेळी अधिकाऱ्यांची एक अट होती: राजाला सोडून बोट परत यायला हवी. ती आली. नव्या राजवटीनं तिचं नाव बदलून ‘अल हुर्रिया’, म्हणजे स्वातंत्र्य, असं ठेवलं. पण बोट मोडीत काढली नाही की विकली नाही. नासर तिच्यातून १९५८ मध्ये युगोस्लाव्हियाला गेले. इस्रायलशी तह झाल्यावर १९७९ मध्ये सादात हैफा बंदरात उतरले तेही तिच्यातूनच. २००० साली जुनं ‘महरूसा’ नाव तिला परत मिळालं. ऑगस्ट २०१५ मध्ये सुएझच्या नव्या शाखेचं उद्घाटन झालं तेव्हा मिरवणुकीत ती होती आणि तिच्या डेकवर लष्करी गणवेशात राष्ट्राध्यक्ष सिसी उभे होते.