रोबोट, वेठ आणि अर्भक

“ऑपरेशन डॉक्टर करणार की रोबोट?” घरात कुणाला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी ‘रोबोटिक सर्जरी’ असं म्हटलं, की नातेवाइकांच्या तोंडून हा प्रश्न निघतोच. मला तो अडाणीपणाचा वाटत नाही. घोटाळा शब्दानंच केलेला आहे, आणि त्याची उकलही शब्दाच्याच पोटात आहे.

‘रोबोट’ मूळचा चेक. कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ (1920) या नाटकातून तो जगभर गेला. सुचवला होता त्याच्या चित्रकार भावानं, योसेफनं. चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनं राबणं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वेठ. संस्कृत ‘विष्टि’ची ती वेठ, आणि फारसी ‘बेगार’ची जोड मिळून झालेली वेठबिगार. ‘रोबोता’ आणखी खणत गेलं तर स्लाव्ह भाषांतला गुलामाचा शब्द लागतो. भाषाशास्त्रज्ञ त्याच मुळाशी ग्रीकमधला अनाथ, ‘ऑर्फानोस’, आणि आपलं ‘अर्भक’ नेऊन ठेवतात. ज्याचं सगळं दुसऱ्याच्या हाती, असा जीव. रोबोट आणि अर्भक एकाच कुळातले, हे मला फार आतून पटतं.

कारण ऑपरेशन थिएटरमधला रोबोट तसाच परस्वाधीन असतो. सर्जन काही पावलांवर पडद्यात डोळे घालून बसतात. त्यांची बोटं हलतील तसेच यंत्राचे हात हलतात. स्वतःहून ते एक टाकाही घालत नाहीत.

मग दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा यात वेगळं काय? ‘दुर्बीण’ फारसीतून आली, दूरचं पाहणारी. पोटात शिरणाऱ्या नळीलाही आपण तेच नाव दिलं. तिच्या जोडीची हत्यारं लांब, सरळ. पोटाच्या भिंतीशी ती तरफेसारखी फिरतात, म्हणून हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. रोबोटच्या हत्याराला टोकाशी मनगट असतं. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं काढल्यावर उरलेली ग्रंथी, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडावी लागतात. ग्रंथीची नलिका जेमतेम काही मिलिमीटरची, ग्रंथी पुष्कळदा मऊ, टाका ओढला की फाटणारी. मनगटाचं मोल इथं कळतं. नेदरलँड्समध्ये दुर्बिणीतून आणि पोट उघडून केलेल्या व्हिपलची तुलना मध्येच थांबवावी लागली. 2019 मध्ये तिचे आकडे प्रसिद्ध झाले: गुंतागुंतीनं दगावलेले दुर्बिणीच्या गटात 50 पैकी 5, दुसऱ्या गटात 49 पैकी 1. फरक योगायोगाचाही असू शकतो, पण छातीत धस्स होतं. स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग काढताना असे जोड नसतात, तिथं दुर्बीण चांगली रुळली आहे. तिथंही रोबोट वापरला तर मध्येच पोट उघडण्याची पाळी कमी येते, असं अनेक अभ्यासांत दिसलं. मात्र खर्च वाढतो, आणि रोबोटमुळे कर्करोगाचा रुग्ण जास्त जगतो असं सिद्ध झालेलं नाही.

‘सर्जरी’ हा शब्दही ग्रीकमधून आलेला. ‘खेइर’ म्हणजे हात, ‘एर्गोन’ म्हणजे काम. म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना हातांबद्दलच विचारावं. हे ऑपरेशन त्यांनी किती वेळा केलंय, आणि त्यातलं या यंत्रावर किती वेळा?