दारफाळणी : दोनदा हरवलेल्या भाषेची गोष्ट

ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले आढेवेढे थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या वर्षी सप्टेंबरात इस्राएलहून माझ्या आतेभावाचा व्हॉइस मेसेज आला. त्यात तो स्वतः बोलत नव्हता, माझी आत्या बोलत होती. आत्या 1969 साली अलिबागजवळच्या गावातून तिकडे गेली. आता तिला विसरायला होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं : नंतर शिकलेलं आधी गेलं. पन्नास वर्षं बोललेली हिब्रू गेली आणि खालून मराठी वर आली. भावाला मराठीतले जेमतेम दहा शब्द येतात. आई, चपाती, पुरे, गप बस, असे. मेसेजखाली त्याने इंग्रजीत विचारलं होतं की दोन दिवस ती हेच म्हणतेय, ती घाबरली आहे का?

मी ऐकलं. आत्या म्हणत होती, "फाळणी आली, दारं लावा रे."

मी त्याला आत्मविश्वासाने कळवलं की 1947च्या फाळणीच्या आठवणी असाव्यात. आत्याचा जन्म 1941चा, म्हणजे ती तेव्हा सहा वर्षांची. हिशोब जुळला असं मला वाटलं. कोकणातल्या एका खेड्यातल्या सहा वर्षांच्या मुलीला फाळणीची भीती कुठून येणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही बेने इस्राएल. गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव : पेणकर, राजपूरकर, केहिमकर. आमच्यात सांगतात ती गोष्ट अशी की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, आणि त्यांच्याजवळची पुस्तकं समुद्राने नेली. गलबत कधी फुटलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पुस्तकं गेली हे मात्र मला खरं वाटतं, कारण भाषा गेली हे तर दिसतंच आहे. अठराव्या शतकापर्यंत कोकणातल्या आमच्या पूर्वजांकडे हिब्रूतलं उरलं होतं ते एका प्रार्थनेपुरतं. आम्ही तिला 'शमा' म्हणतो. सुंता, लग्न, मयत, सगळीकडे तीच म्हणायची.

मग ते स्वतःला वेगळे कशावरून समजत होते? शनिवारी घाणा बंद ठेवायचा, यावरून. तेल काढणं हा आमचा धंदा आणि शनिवार पाळायचा, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. आठव्या दिवशी सुंता करायची, खवल्यांचे मासे खायचे, बिनखवल्यांचे नाही. आणि सण पाळायचे.

सणांची नावं बघा. सगळ्या जगातले ज्यू ज्याला रोश हशाना म्हणतात तो आमचा नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवशी बिरडं खायचं, म्हणून तो बिरड्याचा सण. कशासाठी पाळायचं हे बहुतेक विसरलेलं, पण कधी आणि काय शिजवायचं हे पक्कं लक्षात. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट ग्रंथ, भाषा, धर्मगुरू यांतलं काहीच हाताशी नसताना वालाच्या बिरड्यावर कॅलेंडर सांभाळणाऱ्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं.

हिब्रू परत आली ती बऱ्याच अंशी मराठीतून, ही यातली गंमत. कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी 1796 साली मुंबईत आमचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. त्याला लोक मशीद म्हणत, कारण मराठीत दुसरा शब्दच नव्हता. पुढे कोचीनचे ज्यू शिकवायला आले. त्यानंतर मिशनरी आले. त्यांचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा, पण जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं आणि आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं, धर्म ठेवला तिथेच ठेवला! मग जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारखी माणसं आली, ज्यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. 1874ला पुण्यात छापलेल्या हगादामध्ये एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी, आणि चित्रातल्या बायका साडी नेसून बिनखमिराची भाकरी करतायत. 1880च्या सुमारास तर आमच्यात कीर्तनं सुरू झाली. आख्यान मोशेचं, चाली मराठी.

म्हणजे एक भाषा नसताना आम्ही टिकलो, आणि ती मिळाली तेव्हा दुसरीच्या हाताला धरून मिळाली. ही दुसरी आपली आहे, ती कुठे जाणार, असं कुणालाही वाटलं असतं.

1948नंतर लोक इस्राएलला जाऊ लागले. तेव्हा भारतात आम्ही साधारण वीस हजार होतो. तिथे सगळ्या देशांतून आलेल्यांना एका भाषेत आणायचं होतं, त्यामुळे हिब्रूचे वर्ग, शाळेत हिब्रू, कचेरीत हिब्रू. आत्या सांगायची, भावाच्या शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं की घरी तुमची बोली बोलू नका, मुलगा मागे पडेल. आत्याने ऐकलं. तिला दोष देणं सोपं आहे. पण तिच्या जागी बसून बघा. 1962 साली तिथल्या धर्मपीठाने आदेश काढला होता की बेने इस्राएल मुलामुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आई, आजी, त्यामागचीही घराणी तपासा. शतकानुशतकं शनिवार पाळलेल्यांना तुम्ही नक्की ज्यू का, असा प्रश्न! लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. 1964च्या ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, आणि मग त्या आदेशातून आमचं नाव वगळलं गेलं. आत्या गेली ती यानंतर पाचच वर्षांनी. अशा ठिकाणी मुलाच्या तोंडी मराठी ठेवायची कुणाला हिंमत होईल?

तरी काही लोकांनी ठेवली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत आलं. पण भावाच्या पिढीसाठी ते आईबापांच्या टेबलावरचं मासिक होतं, न वाचता येणाऱ्या अक्षरांचं.

आणि मी? मी ठाण्यात वाढले, हिब्रू अक्षरं लावून वाचते, अर्थ शेजारच्या मराठी पानावर बघते. भाऊ आणि मी एकाच आजीची नातवंडं, आणि बोलतो इंग्रजीत. कौटुंबिक समारंभात तो माझ्याकडे 'खरी भारतीय' म्हणून बघतो आणि मी त्याच्याकडे 'खरा ज्यू' म्हणून. दोघांनाही ते थोडं टोचतं.

तर तो मेसेज. उत्तर पाठवून मी स्वयंपाकाला लागले आणि कांदा चिरता चिरता हात थांबला. दोन दिवसांनी योम किप्पूर होता. उपासाचा, वर्षाच्या पापांची क्षमा मागण्याचा दिवस. आमच्या घरी त्याला योम किप्पूरच म्हणतात, पपांनी कधी दुसरं नाव घेतलं नाही. पण हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या इतिहासात मी त्याचं जुनं नाव वाचलं होतं. पुस्तक इंग्रजीत, 1897 साली लिहिलेलं, 1937ला तेल अवीवमध्ये छापलेलं. त्यात म्हटलंय की त्या दिवशी आमचे लोक दारं बंद करून घरात बसत, परक्याशी बोलत नसत. म्हणून त्या सणाचं नाव दारफाळणीचा सण.

मी मेसेज पुन्हा लावला. 'फाळणी'च्या आधी एक श्वास होता आणि त्या श्वासात 'दार' होतं. माझ्या आत्याचा मराठी शब्द मला एका इंग्रजी पुस्तकामुळे कळला होता, आणि पहिल्यांदा तर मी तो चुकीचाच भाषांतरून पाठवला होता.

मी भावाला फोन केला, चूक सांगितली, मग नाव सांगितलं, मग दारांबद्दल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, म्हणजे ती घाबरलेली नाही, तयारी करतेय?

योम किप्पूरच्या संध्याकाळी इस्राएलमधले रस्ते रिकामे होतात, एक गाडी दिसत नाही. त्या संध्याकाळी फोन हाताळायच्या आधी, उजेड असतानाच, त्याने मला एक छोटा व्हिडिओ पाठवला. आत्या पलंगावर टेकून बसलेली. तो एकेक करून खोलीचं दार, बाल्कनीचं दार, स्वयंपाकघराचं दार लावतो आणि प्रत्येक वेळी वळून तिच्याकडे बघतो. तिसऱ्या दाराला ती म्हणते, "कडी घाल."

त्याने इंग्रजीत विचारलं होतं, कडी म्हणजे काय?