लक्ष्मीबाई टिळक आणि खिन्न मनाची शुश्रूषा

छत्रपती संभाजीनगराहून अहिल्यानगराकडे जातांना कायगांव-टोक्यापाशीं गोदावरी ओलांडावी लागते. याच गोदेच्या कांठीं, पुष्कळ वर, नाशिकजवळ जलालपूर गांव आहे. तेथें १८६८ सालीं लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. आणि नदीपलीकडच्या नगर जिल्ह्यांत त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें दुःख निवळलें.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांचे पति, कवि नारायण वामन टिळक यांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतीस श्रद्धा लाभली. पत्नीच्या वाट्यास मात्र, नवरा जिवंत असतां, वैधव्याचें दुःख आलें. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मकथेंत त्या दिवसांचें वर्णन आहे. त्या अवस्थेस आज वैद्यकांतलें नांव देण्याची घाई करूं नये. वियोगाचा शोक आणि खिन्नतेचा आजार हे एक नव्हेत. तरी दोहोंतही माणूस एकटा पडतो.

त्या एकटेपणावर वादविवादाचा इलाज चालला नाहीं. थोरली बहीण भिकूताई हिनें त्यांना घरांत आणि मायेंत ठेवलें. दुःख अनावर झालें तेव्हां त्याला कवितेची वाट मिळाली. टिळकांचीं पत्रें येत राहिलीं. पुढें पतिपत्नी पुन्हा एकत्र आलीं, तेव्हां बाईंनीं आपलें सोंवळें चालूं ठेवलें आणि टिळकांनीं सक्ति केली नाहीं. राहुरीस असतां जातिभेद हा माणसानेंच निर्माण केला, हें त्यांना स्वतःच्या विचारानें उमगलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधीं सोबत, मग श्रद्धा, असा हा क्रम होता. पुढें प्लेगच्या दिवसांत, जिची इतरांनीं काळजी वाहिली होती तीच बाई आजाऱ्यांची शुश्रूषा करूं लागली.

श्रद्धा आली म्हणजे मन पुन्हा खचत नाहीं, असें मात्र नव्हे. अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ले जोन्स १९०७ सालीं हिंदुस्थानांत आले आणि कांहीं वर्षांतच अतिश्रमानें त्यांचें मन व शरीर वारंवार कोसळलें. लखनौस प्रार्थना करीत असतां आपणांस बळ मिळालें, असें त्यांनीं लिहून ठेवलें आहे. तरी दुसऱ्यांना ‘केवळ प्रार्थना करा’ एवढेंच सांगून ते थांबले नाहींत. १९५० सालीं त्याच शहरांत त्यांनीं ‘नूर मंझिल’ हें मानसोपचार केंद्र काढलें. ईश्वरावर भरंवसा ठेवणाऱ्यालाच डॉक्टरांची गरज अधिक स्पष्ट दिसली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

खिन्नतेचा आजार म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे, आणि औषध घेणें म्हणजे देवावरचा अविश्वास नव्हे. रोग्यास ‘तुझी भक्ति कमी पडली’ असें म्हणणारा त्याच्या दुःखावर अपराधाचें ओझें चढवितो. मानसिक आरोग्यसेवा मिळणें हा प्रत्येकाचा हक्क आहे, असें २०१७ च्या कायद्यानें मान्य केलें आहे; परंतु दवाखान्यापर्यंत हात धरून नेणारें माणूस कायद्यानें मिळत नाहीं. तें घरांतून, शेजारांतून आणि मंडळींतूनच यावें लागतें.

१९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. ज्या धर्मांतरानें एके काळीं संसार मोडला, त्याच श्रद्धेच्या त्या काव्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनीं लिहिला.