ट्रामच्या पाच खिडक्या

अमेरिकेतल्या जुन्या ट्रामचे फोटो बघायचा मला नाद आहे. तिकडे ट्रामला स्ट्रीटकार म्हणतात. लाकडी बाकं, डोक्यावरच्या तारेला टेकलेला दांडा, खिडकीतून बाहेर आलेलं एखादं कोपर. बघताना गोड हुरहुर लागते. एक फोटो मात्र ती हुरहुर टिकू देत नाही.

नोव्हेंबर १९५५, न्यू ऑर्लिन्स. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट फ्रँकने समोरून जाणाऱ्या ट्रामचा हा फोटो टिपला. चौकटीत पाच खिडक्या. पहिल्या काचेआड धूसर झालेला एक गोरा चेहरा, मग गोरी बाई, मग दोन गोरी मुलं. चौथ्या खिडकीत कृष्णवर्णीय पुरुष, शेवटच्या खिडकीत कृष्णवर्णीय स्त्री. ‘द अमेरिकन्स’ या त्याच्या पुस्तकाच्या १९५९च्या अमेरिकी आवृत्तीवर हाच फोटो होता.

ही मांडणी योगायोगाची नव्हती. १९०२च्या लुइझियाना राज्याच्या कायद्याने ट्राममध्ये वर्णानुसार जागा वाटल्या होत्या. बाकाच्या पाठीवर एक लाकडी पाटी खोचलेली असे. तिच्या मागे कृष्णवर्णीयांनी बसायचं. पाटी उचलून पुढेमागे करता यायची, माणसाला मात्र ती ओलांडता यायची नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. त्याआधी या शहरात कृष्णवर्णीयांसाठी चांदणी रंगवलेले वेगळे डबे असत. लोक मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यांत चढले, उतरायला तयार झाले नाहीत, आणि मे १८६७मध्ये तो भेद संपला. म्हणजे जिंकलेला हक्क पस्तीस वर्षांनी कायदा करून काढून घेतला गेला! इतिहास रुळांवरून एकाच दिशेने जातो, असं आपण उगाच धरून चालतो.

फोटोनंतर काही आठवड्यांतच, १ डिसेंबरला, माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममधल्या पाट्या १९५८मध्ये निघाल्या.

१९६४च्या मार्चमध्ये मुंबईची ट्राम बंद झाली, मे महिन्यात कॅनाल स्ट्रीटची. कॅनाल स्ट्रीटची २००४मध्ये परत आली. सेंट चार्ल्स मार्गावर तर १९२०च्या दशकातले हिरवे डबे आजही धावतात, पर्यटक त्यांत सेल्फी काढतात. जरूर काढावेत. मी मात्र आता जुन्या ट्रामचा कुठलाही फोटो उघडला, की आधी कोण कुठे बसलंय ते बघतो.