मेर्त्सन चाखण्यापूर्वी

जर्मन उत्सवी लागरच्या रसास्वादाला मद्यनिर्मितीचे शिक्षण लागत नाही. नाक तरतरीत हवे, धीर हवा आणि गुण देण्याआधी पेल्यात नेमके काय आहे हे विचारण्याची सवय हवी. ही सवय फार मोलाची, कारण ‘ऑक्टोबरफेस्ट’ या नावाखाली आज दोन निराळ्या बिअर मिळतात.

जुनी ती मेर्त्सन. १५५३ च्या हुकुमाने बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी काळात बिअर बनवण्यास मनाई झाली. मग मार्चमध्ये थोडी कडक बिअर करून ती थंड तळघरांत मुरवायची आणि शरदापर्यंत पुरवायची, अशी रीत पडली. आज ओळखीची असलेली तांबूस मेर्त्सन मात्र बरीच अलीकडची. गाब्रिएल झेडलमायर आणि आंटोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रिटनमधील कारखाने पाहून, माल्ट सुकवण्याची तिथली पद्धत शिकून परतले. १८४१ मध्ये एकाने म्युनिकला, दुसऱ्याने व्हिएन्नाजवळ आपली नवी लागर विक्रीस काढली. म्युनिकचा उत्सव १८१० चा, युवराज लुडविग आणि थेरेसे यांच्या विवाहाचा. तिथल्या मांडवात ही तांबूस बिअर गाजली ती १८७२ मध्ये.

दुसरी फेस्टबिअर: सोनेरी, अंगाने हलकी, तरी मद्यांश सहा टक्क्यांच्या आसपासच. म्युनिकच्या उत्सवात आज हीच मिळते. तिला ‘रंग फिका’ म्हणून कमी गुण देणे हा सरळ अन्याय आहे.

परीक्षकांच्या प्रचलित गुणपत्रिकेत ५० पैकी २० गुण चवीला, १२ गंधाला, १० एकूण परिणामाला, ५ तोंडातल्या स्पर्शाला आणि रूपाला फक्त ३. हे प्रमाण मला योग्य वाटते. मेर्त्सनमध्ये भाजलेल्या पावाच्या कडेचा गंध शोधावा. तो म्युनिक माल्टचा. घोट सुरुवातीला गोडसर लागला तरी शेवट कोरडा हवा. जळक्या साखरेचा गोडवा रेंगाळत असेल, तर ती मेर्त्सन बिघडलेली समजावी, मग तो कितीही सुखद वाटो. लोण्याचा वास आला तर मुरवण्यात घाई झाली असण्याची शक्यता मोठी. ओल्या पुठ्ठ्याचा वास बहुधा जुन्या बाटलीचा असतो. दूरदेशी पोचलेल्या बिअरबाबत हा दोष कारखान्याच्या माथी मारण्याआधी बाटलीवरची तारीख पाहावी. आणि बर्फगार पेल्यात तर माल्ट कळतच नाही.

नवख्या परीक्षकाला सर्वांत जास्त फसवतो तो पहिला घोट. त्यात गोड, भडक बिअरच सरस ठरते. पण ही बिअर मांडवात लिटरच्या मगातून, गप्पा मारत पिण्यासाठी घडली आहे, आणि मगाच्या तळाशीही ती हवीशी वाटली पाहिजे. म्हणून वाचकांना एकच विनंती: चवीचे गुण अर्धा पेला संपल्याशिवाय लिहू नका.