पार्टिकल ॲक्सिलरेटर म्हणजे काय? कॅन्सरच्या उपचारात त्याचा उपयोग कसा होतो?

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जमिनीखाली सरासरी 100 मीटर खोल, 27 किलोमीटर घेराचा एक बोगदा आहे. त्यातल्या 'लार्ज हेड्रॉन कोलायडर' या यंत्रामुळे 2012 मध्ये हिग्ज बोसॉन हा कण सापडला आणि 'देवकण' हा शब्द घराघरात पोहोचला.

याच कुळातलं, एका खोलीत मावणारं यंत्र कॅन्सर रुग्णालयात रोज रुग्णांना 'रेडिएशन' देत असतं. या दोन्ही यंत्रांना पार्टिकल ॲक्सिलरेटर म्हणजेच कणत्वरक म्हणतात.

हे यंत्र काय करतं?

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन अशा विद्युतभारित कणांना विजेच्या साहाय्याने ढकलून त्यांची ऊर्जा वाढवायची आणि चुंबकाने त्यांना हवी ती दिशा द्यायची, हे त्याचं काम. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्येही इलेक्ट्रॉन असेच पडद्यावर सोडले जायचे.

सुरुवात कशी झाली?

1932 मध्ये केंब्रिजमध्ये जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनचा मारा करून लिथियमचं अणुकेंद्र फोडलं. 1951 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण व्होल्टेज फार वाढवलं की ठिणग्या उडायच्या. कणांना एकाच मोठ्या धक्क्यात पळवण्याला मर्यादा होती.

त्यावर अमेरिकेतल्या अर्नेस्ट लॉरेन्स यांनी तोडगा काढला. झोपाळ्याला दर झोक्याला हलका धक्का दिला की तो उंच जातो. तसंच कणांना चुंबकाने गोल फिरवायचं आणि प्रत्येक फेरीत थोडं थोडं ढकलायचं. हाच 'सायक्लोट्रॉन'. 1931 च्या सुरुवातीला चाललेलं त्यांचं यंत्र तळहातावर मावेल एवढं होतं. 2 हजारांपेक्षा कमी व्होल्टवर त्याने कणांना 80 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली. लॉरेन्स यांना 1939 चं नोबेल मिळालं.

रेडिएशन देणारं मशीन कोणतं?

ते 'लिनॅक', म्हणजे सरळ रेषेत कण पळवणारं यंत्र. त्यात वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनसारख्या धातूवर आदळतात आणि शक्तिशाली एक्स-रे तयार होतात. ते गाठीवर सोडून कॅन्सरच्या पेशी मारल्या जातात. 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनॅकने उपचार सुरू झाले. मुंबईतल्या 'समीर' या सरकारी संस्थेने 'सिद्धार्थ' हा स्वदेशी लिनॅक बनवला असून तो सेवाग्रामच्या रुग्णालयातही बसवण्यात आला.

रेडिएशन घेतलेल्या रुग्णापासून घरच्यांना धोका असतो का?

लिनॅकने बाहेरून दिलेल्या रेडिएशनमध्ये नसतो. बटण बंद झालं की किरणं थांबतात, जसा दिवा मालवल्यावर उजेड खोलीत उरत नाही. त्यामुळे रुग्णाने घरी येऊन लेकरांना जवळ घ्यायला हरकत नाही. किरणोत्सारी औषध किंवा स्रोत शरीरात ठेवून केलेल्या उपचारांचे नियम मात्र वेगळे असतात. ते डॉक्टरांकडूनच समजून घ्यावेत.

सायक्लोट्रॉन आज कुठे लागतो?

पेट स्कॅनसाठी. त्यात वापरलं जाणारं फ्लोरिन-18 सायक्लोट्रॉनमध्ये तयार होतं आणि दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. ते साठवून ठेवता येत नाही, म्हणून यंत्र रुग्णालयापासून फार लांब असून चालत नाही. मुंबईत परळला असा सायक्लोट्रॉन 2002 मध्ये सुरू झाला.

प्रोटॉन थेरपीत वेगळं काय?

एक्स-रे गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या निरोगी भागालाही थोडी इजा करतात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडून थांबतात. लहान मुलांच्या किंवा मेंदूजवळच्या गाठींसाठी हे महत्त्वाचं ठरतं. रॉबर्ट विल्सन यांनी 1946 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1954 मध्ये बर्कलीत पहिल्या रुग्णावर उपचार झाले. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात ही सोय 2023 मध्ये सुरू झाली.

प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 1,836 पट जड असतो. त्याला पळवायला आणि वळवायला मोठी यंत्रणा लागते, खर्चही वाढतो. त्यामुळे बहुतांश रुग्णांसाठी आजही लिनॅकच वापरला जातो.