पोस्त, बोनस आणि आपट्याचं सोनं

सणाला कामावरच्या मंडळींना काय द्यावं, हा प्रश्न आजच्या कचेऱ्यांतला वाटतो. पण तो जुनाच आहे. मराठीत अशा देण्याच्या दोन रीती दिसतात, आणि माझ्या मते त्या दोन वेगळ्या नात्यांच्या आहेत.

पहिली पोस्त. दिवाळीला धन्याने गडीमाणसांना दिलेले पैसे. पोस्त वरून खाली येते, तीही मर्जी असली तर. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बोनससाठी संप केला, तेव्हा वाद हाच होता: ही मालकाची मेहेरबानी की कामगाराचा हक्क? पुढे १९६५ च्या कायद्याने बोनस हक्काचा झाला. आज त्याचा किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा आहे.

दुसरी रीत दसऱ्याच्या सोन्याची. साहेब असो की शिपाई, हातात पान आपट्याचंच. दिलं तसं लगेच परत मिळतं. उपकाराचं ओझं राहत नाही.

आमच्या अणशीत मात्र जरा जपावं लागतं. इथलं जंगल १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान, आता काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथली फांदी तोडून आणणं कायद्याने बंद आहे. तेव्हा ओरबाडलेल्या डहाळ्या नकोत; परसातल्या झाडाचं एकेक पान पुरे.

सोबत्यासाठी भेट निवडताना एवढंच बघावं: आपण पोस्त देतोय की सोनं?